गोलात कोण उभं राहणार?

ज्याला पळवत नाही त्याला गोलात उभं करायचं, हा आपल्याकडच्या मैदानांवरचा जुना रिवाज. रत्नागिरीत क्रिकेट आणि कबड्डीतून उरलेल्या वेळात फुटबॉल खेळणारी पोरं आजही तेच करतात. मला याचं फार वाईट वाटतं. कारण शेजारच्या गोव्यातले ब्रह्मानंद शंखवाळकर गोलातच उभे राहून भारताचे कर्णधार झाले.

१९८३च्या संतोष ट्रॉफीची, म्हणजे राज्याराज्यांतल्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेची, अंतिम लढत गोव्याने बंगालशी खेळली, तीही कोलकात्यात, बंगालच्याच प्रेक्षकांसमोर. गोल झाला नाही. सामना पुन्हा खेळवला, तेव्हाही नाही. करंडक दोघांत वाटला गेला. पुढच्या वर्षी मात्र तो एकट्या गोव्याचा झाला आणि त्या स्पर्धेत शंखवाळकरांच्या गोव्यावर एकही गोल झाला नाही. गोव्यातल्या साळगावकर क्लबासाठी तर ते वर्षानुवर्षं खेळले. १९९२ साली नियम बदलला. आपल्याच खेळाडूने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलीला हातात घेता येईना. सारी हयात हातांवर विसंबलेल्यांना पाय नव्याने घडवावे लागले. तेव्हा शंखवाळकर अडतीस वर्षांचे होते, आणि खेळत होते.

जांभ्याच्या मातीवर गोलीने पडायचं कसं, हे शिकवावंच लागतं. कोपरावर आदळला की साल निघते आणि पुढच्या वेळी पोरगा झेप घ्यायला कचरतो. आधी मांडीची बाजू, मग कंबर, मग खांदा, असं अंग जमिनीला टेकत गेलं पाहिजे. पावसात चेंडू निसटतो, म्हणून हातांमागे छाती हवी. हे सांगायला जन्मभर पडलेला माणूसच लागतो. शिवाय अख्खं मैदान समोर दिसतं ते एकट्या गोलीला. बचावफळीला ओरडून जागेवर आणता आणता तो निम्मा प्रशिक्षक झालेलाच असतो. शंखवाळकरांनीही खेळ संपल्यावर गोली घडवण्याचं काम हाती घेतलं, राष्ट्रीय संघाच्या गोलींनाही शिकवलं. अर्जुन पुरस्कार १९९७चा, पद्मश्री थेट २०२२ची. मला तरी हा उशीर खटकतो.

सकाळी कोकण रेल्वेत बसलं की दुपारपर्यंत मडगाव येतं. पाऊस सरला, मैदान सुकलं की आपल्या एखाद्या मंडळाने तिकडून गोलींचा प्रशिक्षक आठवडाभर आणावा. राहण्या-जेवणाची सोय आपण सगळे मिळून करू. आणि त्या आठवड्यात संघातला सगळ्यांत चपळ पोरगा गोलात उभा करा.