शोधनिबंधांची मोजदाद आणि संशोधनाचे वजन

बढतीचा अर्ज असो की निवड समितीची मुलाखत, संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाला आधी विचारले जाते ते शोधनिबंध किती आणि एच-इंडेक्स किती. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010च्या नियमांत एपीआय (शैक्षणिक कामगिरी निर्देशांक) गुणांची पद्धत आणली आणि धार-देवासच्या महाविद्यालयांपासून पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांपर्यंत गुणांची बेरीज हीच विद्वत्तेची ओळख होऊन बसली. या आकड्यांवर आमचा आक्षेप एवढाच की, ते छापलेले काम आणि त्याला मिळालेले संदर्भ मोजतात, वापरात आलेले काम मोजत नाहीत. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात तर प्रभाव मुख्यतः वापरातून सिद्ध होतो. 2005 साली हर्श यांनी सुचवलेला एच-इंडेक्स म्हणजे प्रत्येकी किमान तितकेच संदर्भ मिळालेल्या निबंधांची मोठ्यात मोठी संख्या; त्या हिशेबात दोनच निबंध लिहिणाऱ्याची मजल, ते निबंध कितीही मोलाचे असले तरी, दोनच्या पुढे जाऊ शकत नाही.

मुंबईच्या आयआयटीतील धनंजय ढमढेरे यांचे काम या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. प्रोग्रॅमच्या एका फाट्यावर एखादा गुणाकार झालेला असतो, दुसऱ्यावर नसतो. दोन्ही फाटे एकत्र आल्यावर तोच गुणाकार पुन्हा केला, तर पहिल्या वाटेने आलेल्याचे श्रम वाया जातात. ही अर्धवट पुनरुक्ती काढण्याची रीत मोरेल आणि रेनव्हॉज यांनी 1979 साली मांडली. तिच्यातील उणिवांवर ढमढेरे यांनी 1988 आणि 1991 च्या निबंधांत उपाय सुचवले. हलवलेले गणित प्रोग्रॅमच्या दोन ठोकळ्यांना जोडणाऱ्या कडेवर ठेवण्याची कल्पना त्यात होती. 1994 मध्ये उदय खेडकर यांच्यासह त्यांनी अशा विश्लेषणाचा व्यापक सिद्धान्त मांडला. आता जीसीसी या मुक्त कंपायलरच्या सोर्स कोडमधली जीसीएसई नावाची फाइल उघडून पाहावी. तिच्या माथ्यावरच्या टिपणीत, हे काम करताना धुंडाळलेल्या संदर्भांच्या यादीत, ढमढेरे यांचे 1988 आणि 1991 चे दोन्ही निबंध नोंदवलेले आहेत. देवासचा विद्यार्थी दुसऱ्या स्तराचे ऑप्टिमायझेशन लावून प्रोग्रॅम कंपाइल करतो, तेव्हा या फाइलमधला पुनरुक्ती काढण्याचा टप्पा आपोआप चालतो. संदर्भ मोजणाऱ्या निर्देशांकांत मात्र अशा टिपणीची गणती होत नाही.

यावर जाणकार म्हणतील की धुंडाळलेला संदर्भ म्हणजे वापरलेली रीत नव्हे, आणि पुढे जीसीसीने नूप, र्‍यूथिंग व स्टेफन यांच्या 1992 च्या ‘लेझी कोड मोशन’ची वाट धरली. आक्षेप खरा आहे. पण त्यातून आमचेच म्हणणे पक्के होते. 1979 ची रीत, तिच्यावरच्या दुरुस्त्या आणि त्यानंतरची सुटसुटीत मांडणी अशी ही साखळी आहे, आणि मधल्या कड्याचे मोल अखेरच्या कड्याकडे पाहून कळत नाही. ते कळायला मजकूर वाचावा लागतो, आणि आकड्यावर भागवणाऱ्या समितीला तेवढेच नको असते. ढमढेरे यांची सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवरची क्रमिक पुस्तके आणि खेडकर यांनी जीसीसी शिकवण्यासाठी घेतलेल्या कार्यशाळा यांनी किती अभियंते घडवले, याचेही माप निर्देशांकात नाही.

हा पेच संगणकाच्या आधीचा आहे. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना 1903 साली धारमध्ये ‘पारिजातमंजरी’ या संस्कृत नाटकाचा शिलालेख सापडला. चार अंकांपैकी दोनच त्यात उरले होते. शिलालेखांना वाहिलेल्या ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात तो संपादित होऊन आला तो हुल्ट्श यांच्या नावावर. लेखकांच्या सूचीवरून श्रेय वाटले, तर ज्यांच्यामुळे शिला अभ्यासकांपुढे आली त्या लेल्यांच्या वाट्याला शून्य येते.

आकड्यांच्या बाजूनेही एक मुद्दा वजनदार आहे. आकडा निदान नातेगोते पाहत नाही, तर ‘गुणवत्ता पाहा’ म्हटले की वशिल्याला दार उघडते. ही भीती अनाठायी नाही. पण आकडाही निर्दोष राहिलेला नाही. पैसे भरून छापणारी नियतकालिके, एकाच कामाचे चार तुकडे, एकमेकांना दिलेले संदर्भ, हे सगळे त्याच्याच पोटी आले. संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या 2012 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यानेही नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाचे मोल ठरवू नये, असेच सांगितले. वशिल्यावर उतारा उघडेपणाचा आहे. उमेदवाराने आपली तीनच कामे निवडावीत, ती कोणी आणि कुठे वापरली याचा पुरावा जोडावा, आणि समितीने ती वाचून आपले मत लेखी, कारणांसह नोंदवावे. पुरावा जीसीसीएवढा मोठा असण्याची गरज नाही. दुसऱ्या महाविद्यालयाने स्वीकारलेली प्रयोगपुस्तिका, मुक्त प्रकल्पात सामावलेली दुरुस्ती किंवा एखाद्या कारखान्यात चालणारे चाचणीचे साधनही चालेल. असा अर्ज वाचायला आकडे जुळवण्यापेक्षा जास्त वेळ लागेल. समितीत बसणाऱ्या आपणा सर्वांना तो काढावा लागेल.