मोठा आवाज नको, तिखट कान हवेत

वायफायची पेटी विकत घ्यायला तुम्ही दुकानात गेलात, तर खोक्यावर सर्वांत ठळक टायपात काय छापलेले दिसते? वेग! १२०० मेगाबिट, ३००० मेगाबिट, ५४०० मेगाबिट. त्याखाली अँटेनांची संख्या, आणि जोडीला 'हाय पॉवर' असे एखादे बिरुद. घरात आपण या पेटीला सरसकट राउटर म्हणतो. परंतु तिच्यातला जो भाग तारेतून आलेली माहिती रेडिओलहरींवर चढवतो आणि तुमच्या मोबाइलकडून आलेली माहिती पुन्हा तारेत उतरवतो, त्याचे खरे नाव 'ॲक्सेस पॉइंट' असे आहे. रुग्णालयात किंवा रेल्वे स्थानकात छताला चिकटवलेल्या पांढऱ्या तबकड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांतल्या बऱ्याच म्हणजे ॲक्सेस पॉइंटच.

माझे म्हणणे असे, की खोक्यावरच्या या जाहिरातीने आपल्या मनात या यंत्राचे चुकीचे चित्र उभे केले आहे. पेटी म्हणजे जणू लाउडस्पीकर. जोर जितका अधिक, तितके काम चांगले! वस्तुस्थिती निराळी आहे. गेल्या पन्नास वर्षांत या यंत्रात ज्या मोलाच्या सुधारणा झाल्या, त्या नीट ऐकण्याच्या आणि आपापली पाळी सांभाळण्याच्या आहेत. ओरडण्याची त्यांत एकही नाही. हे ध्यानात न घेतल्यामुळे शाळांचे पैसे वाया जातात. आणि हवेतील मोकळ्या लहरींवर हक्क कोणाचा, या प्रश्नावरही आपण भलतेच मत बनवून बसतो.

सुरुवात झाली हवाई बेटांवर. तेथील विद्यापीठाचा संगणक एका बेटावर आणि तो वापरू इच्छिणारी मंडळी इतर बेटांवर, अशी अडचण होती. मध्ये समुद्र. १९७१ साली नॉर्मन अब्राम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अलोहा' नावाचे बिनतारी जाळे सुरू केले. त्याचा नियम अगदी साधा होता. ज्याला बोलायचे असेल त्याने खुशाल बोलावे. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही संदेश बिघडणार आणि पोच मिळणार नाही. पोच मिळाली नाही, की प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ थांबून तोच संदेश पुन्हा पाठवावा. गणिताने दाखवता येते, की या पद्धतीत फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो. बाकीचा टकरींत आणि शांततेत जातो. उधळपट्टीच म्हणायची! पण कोणाची परवानगी न घेता अनेकांना एकच लहर वापरता येते, हे तिने सिद्ध केले.

आजच्या ॲक्सेस पॉइंटची शिस्त त्याच घराण्यातली, मात्र संस्कार झालेली आहे. बोलण्याआधी तो ऐकतो. कोणी बोलत असेल तर गप्प बसतो. शांतता झाली, तरी लगेच तोंड उघडत नाही. कारण त्याच्यासारखे आणखी चारजण त्याच क्षणाची वाट पाहत असतात. मग प्रत्येक यंत्र मनातल्या मनात ० ते १५ मधली एक चिठ्ठी उचलते आणि उलटे मोजू लागते. एका अंकाला ९ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा नऊ दशलक्षांश भाग! ज्याचे मोजणे आधी संपेल त्याने बोलावे. इतरांनी आपापला आकडा जेथे होता तेथे थांबवून ठेवावा.

तुम्ही विचाराल, बोलता बोलताच टक्कर झालेली कळत नाही का? नाही कळत. यंत्राचा स्वतःचा आवाज त्याच्या कानाशी इतका मोठा असतो, की खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून येणारा आवाज त्यापुढे अब्जांश भागाइतका क्षीण ठरतो. म्हणून प्रत्येक संदेशाची पोच मागावी लागते.

आता प्रतिध्वनीची गोष्ट पाहू. या विषयातला सर्वांत रंजक भाग हाच आहे.

रिकाम्या सभागृहात टाळी वाजवली, तर आवाज घुमतो. रेडिओलहरीही भिंतींवरून, लोखंडी कपाटांवरून, छतावरून परावर्तित होतात. एकच संदेश सरळ वाटेने आधी पोचतो आणि आडवाटांनी थोडा मागाहून. आडवाट ३० मीटरने लांब असेल, तर उशीर होतो एक सेकंदाच्या एक कोट्यंश भागाचा. हा उशीर क्षुल्लक वाटतो ना? पण दर सेकंदाला १०० मेगाबिट एकामागून एक पाठवायचे, तर एका बिटाच्या वाट्याला त्याचा दहावा हिस्साच येतो. म्हणजे जुन्या दहा बिटांचे पडसाद नव्या बिटावर येऊन आदळतात आणि सारा गोंधळ होतो. १९९७ साली वायफायचे पहिले प्रमाण ठरले, तेव्हा त्याचा वेग दर सेकंदाला अवघा १ ते २ मेगाबिट होता. तेथून पुढे जाण्याच्या वाटेतली मोठी अडचण हा पडसाद होता.

तोड निघाली ती अशी. एकच घाईचा प्रवाह पाठवण्याऐवजी त्याचे अनेक संथ प्रवाह करावेत, आणि प्रत्येकाला किंचित वेगळी वारंवारता द्यावी. १९९९ च्या प्रमाणात माहितीचे असे ४८ प्रवाह एकदम चालतात. प्रत्येकावरील एक चिन्ह ४ मायक्रोसेकंद टिकते आणि त्यातले पहिले ०.८ मायक्रोसेकंद पडसाद विरण्यासाठी राखून ठेवलेले असतात. तेवढ्या वेळात लहर २४० मीटर जाते. शाळेच्या इमारतीतले बहुतेक पडसाद तोवर विरलेले असतात! ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत जॉन ओसुलिव्हन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी घरातल्या पडसादांवर मात करणारी पद्धत रचली. अमेरिकेत तिचे पेटंट १९९६ साली मिळाले. ओसुलिव्हन हे मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. स्फोट पावणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे रेडिओसंकेत शोधण्याचा प्रयत्न त्यांनी पूर्वी केला होता. ते संकेत सापडले नाहीत, पण अंतराळात पसरट झालेला संकेत पुन्हा नीटस करण्याची गणिती विद्या हाती राहिली. यावरून 'वायफाय कृष्णविवरातून जन्मले' असे रंगवून सांगितले जाते, ते मला पटत नाही. अनेक वारंवारतांवर माहिती वाटून देण्याची कल्पना बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट चँग यांनी १९६६ सालीच मांडली होती. एका शोधाला एकच बाप असावा हा आग्रह वर्तमानपत्रांचा असतो, निसर्गाचा नव्हे.

याच्याही पुढची पायरी अधिक नवलाची आहे. पडसाद टाळण्याऐवजी त्याचाच उपयोग करून घेतला तर? ॲक्सेस पॉइंटच्या दोन अँटेनांवरून एकाच वारंवारतेवर दोन वेगवेगळे संदेश एकदम सोडू. त्यांना क्ष आणि य म्हणू. मोबाइलला दोन अँटेना आहेत. पहिलीला मिळते मिश्रण ३क्ष + य = ७. दुसरी काही सेंटिमीटर दूर असल्याने तिच्याकडे पडसाद निराळ्या वाटांनी येतात, म्हणून तिला मिळते क्ष + २य = ४. दहावीचा कोणीही विद्यार्थी ही एकसामयिक समीकरणे सोडवून सांगेल, की क्ष = २ आणि य = १. दोन्ही संदेश सुटे झाले! पण समजा पडसादच नसते आणि दोन्ही अँटेनांना एकाच प्रमाणातले मिश्रण मिळाले असते, उदाहरणार्थ दुसरीला ६क्ष + २य = १४. मग? ते तर पहिलेच समीकरण दुप्पट करून लिहिले. उत्तर निघणार नाही. म्हणजे ज्या भिंतींनी छळले, त्याच आता मदतीला आल्या. अँटेना अधिक लावतात त्या याकरिता. मोठ्याने ओरडण्याकरिता नव्हेत.

या कल्पनेचे एक आरंभीचे पेटंट आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलथ यांच्या नावे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करताना त्यांनी १९९२ साली अर्ज केला आणि १९९४ साली पेटंट मिळाले. पुढे बेल प्रयोगशाळेतील जेरार्ड फॉशिनी यांनीही या विषयात पायाभूत काम केले. कैलथ यांचा जन्म १९३५ साली पुण्यात झाला आणि अभियांत्रिकीची पदवीही त्यांनी पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून घेतली. पॉलराज हे भारतीय नौदलातील अधिकारी. पाणबुड्यांचा मागोवा घेणारे सोनार त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले होते. ऐकणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याला ही युक्ती सुचावी यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. वायफायमध्ये ती २००९ च्या प्रमाणापासून आली.

आणि २०२१ च्या प्रमाणात ॲक्सेस पॉइंट वर्गशिक्षकाच्या भूमिकेत आला. तोपर्यंत तोही इतरांप्रमाणे चिठ्ठी उचलून पाळीची वाट पाहत असे. आता तो एका पट्ट्याचे लहान लहान नऊ भागांपर्यंत तुकडे करून, 'तू या तुकड्यावर बोल, तू त्या', असे एकाच वेळी अनेकांना सांगू शकतो. गर्दीच्या जागी याचा उपयोग खोक्यावरच्या वेगापेक्षा कितीतरी अधिक होतो.

ही सारी सभ्यता यंत्रात आली कशी? मोकळ्या पट्ट्यामुळे. १९८५ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने काही पट्टे विनापरवाना वापराला खुले केले. त्यांतला २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा म्हणजे जवळजवळ भंगार. मायक्रोवेव्ह भट्ट्या त्यातच गुणगुणतात. तेथे कोणी कोणाचा मालक नाही, तेव्हा एकमेकांना सांभाळून घेणारे यंत्रच टिकणार होते. भारताने हा पट्टा २००५ साली परवानामुक्त केला आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांतली परवानामुक्त मुभा २०१८ साली वाढवली. २०१६ साली मुंबई सेंट्रल स्थानकावर प्रवाशांसाठी मोफत वायफाय सुरू झाले. ज्या पट्ट्यावर ते चालले, त्यासाठी कोणाला लिलावात बोली लावावी लागली नव्हती.

मग ६ गिगाहर्ट्‌झचा वाद उभा राहिला. अमेरिकेने २०२० साली त्यातला १२०० मेगाहर्ट्‌झचा सलग पट्टा खुला केला. भारत सरकारने २०२५ साली खालचा ५०० मेगाहर्ट्‌झचा भाग घरातल्या कमी शक्तीच्या वापरासाठी मोकळा करण्याच्या नियमांचा मसुदा काढला. मोबाइल कंपन्यांचे म्हणणे, लिलाव करा. सरकारच्या तिजोरीत पैसा येईल आणि एकच मालक असला, की सेवेची हमी देता येईल. धावत्या गाडीत किंवा उघड्या माळावर हा युक्तिवाद मला मान्य आहे. परंतु चार भिंतींच्या आत कमी शक्तीची लहर बाहेर फारशी जातच नाही. शेजाऱ्याला न पोचणाऱ्या लहरीचा लिलाव कशाला? गावात गायरान राखतात, तसे लहरींतही राखले पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

आता शाळेकडे येऊ. संगणक कक्षात चाळीस यंत्रे आहेत म्हणून एकच जोरदार पेटी घेतली जाते आणि चोरीच्या भीतीने ती कार्यालयातल्या लोखंडी कपाटात ठेवली जाते. मोबाइलवर रेघा पुष्कळ दिसतात, पण पान उघडत नाही. का? आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात अँटेनेच्या करामतीसह ४ वॅटपर्यंत शक्तीची मुभा आहे. मोबाइलची शक्ती मात्र ०.१ वॅटच्या आतबाहेर. पेटीचे बोलणे तुम्हाला ऐकू येते, तुमचे पेटीला नाही! शिवाय दूरच्या बाकावरचे यंत्र चाचरत बोलते. १५०० बाइटांचा एक संदेश ५४ मेगाबिट वेगाने धाडायला ०.२२ मिलिसेकंद लागतात, तर १ मेगाबिट वेगाने १२ मिलिसेकंद. तेवढा वेळ बाकीचे सारे गप्प! एक मागे पडला, की वर्गच मागे पडतो.

तेव्हा एका मोठ्या पेटीच्या किमतीत दोन-तीन साध्या पेट्या घ्याव्यात, त्या छताजवळ बसवाव्यात, त्यांची शक्ती मुद्दाम कमी ठेवावी आणि २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात त्यांना १, ६ व ११ असे वेगवेगळे चॅनेल द्यावेत. पेट्या एकमेकींना तारेने जोडाव्यात. तारेचा खर्च आणि भिंतीतली भोके नकोशी वाटतात, हे खरे. पण बिनतारी जोडलेल्या पेट्यांना बहुधा प्रत्येक संदेश दोनदा बोलावा लागतो, आणि गर्दीत तेच महागात पडते.

शिक्षकांच्या मदतीने तुम्हाला हे मोजूनही पाहता येईल. मोबाइलवर संकेताची तीव्रता आकड्यांत दाखवणारी साधने मोफत मिळतात. आकडा ऋण असतो. -५० आणि -७० यांत २० चा फरक दिसला, तरी शक्तीत तो शंभरपटीचा असतो. शाळेचा नकाशा काढा, दर पाच पावलांवर आकडा टिपा. एकदा वर्ग रिकामा असताना आणि एकदा भरलेला असताना, कारण माणसाच्या शरीरातले पाणीही या लहरी शोषते. पेटी कपाटात असेल, तर दार उघडे ठेवून आणि बंद करून, असे दोन्ही आकडे घ्यायला विसरू नका.