रोषणाईचे पैसे कुठे घालावेत?

इथे उत्तर अमेरिकेत आपल्या मराठी मंडळाच्या सभागृहासमोर दिवाळीपासून नववर्षापर्यंत संगीताच्या तालावर नाचणारी रोषणाई करावी, अशी कल्पना निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: दिवे किती घ्यायचे? तो विचारला जातो कारण दिवे मोजता येतात, त्यांची किंमत पावतीवर दिसते आणि आकडा मोठा असला की कार्यकारिणीलाही काम झाल्यासारखे वाटते. माझे म्हणणे असे की हातात पैसे थोडे असतील तेव्हा सुरुवात इथून करूच नये. आधी रोषणाईची चाल ठरवावी, म्हणजे कोणत्या ठोक्याला काय पेटेल आणि काय विझेल हे, आणि मग त्या चालीला पुरतील एवढेच दिवे घ्यावेत. याला आधार आहे तो माणसाच्या डोळ्याचा. माक्स वेर्थहायमर या मानसशास्त्रज्ञाने 1912 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन स्थिर रेघा एकापाठोपाठ दाखवल्या होत्या. मधले अंतर सेकंदाच्या सुमारे सोळाव्या भागाएवढे ठेवले की पाहणाऱ्याला दोन रेघा दिसत नसत, एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसे. अंतर वाढवले की भास मोडे, फार कमी केले की दोन्ही एकदम दिसत. हालचाल दिसायला दोन खुणा पुरतात, पण त्यांच्यातला वेळ नेमका लागतो. हजार दिवे लावले आणि हा वेळ चुकला, तर उरतो तो नुसता लखलखाट.

रोषणाईचा इतिहासही हेच सांगतो. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने 1882 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी विजेच्या दिव्यांचे पहिले ख्रिसमस झाड उभे केले. दिवे होते 80, लाल, पांढरे आणि निळे. पण झाड मोटरवर गोल फिरत होते आणि फिरता फिरता रंग पेटत-विझत होते, म्हणून ते पाहणाऱ्यांच्या लक्षात राहिले. भारतात बंगालमधल्या चंदननगरच्या कारागिरांनी जगद्धात्री पूजेच्या मिरवणुकीसाठी छोट्या बल्बांची हलती चित्रे केली, ती चिप येण्याच्या कितीतरी आधी. त्यांचे यंत्र म्हणजे मोटरवर फिरणारा रोलर. त्यावर तांब्याच्या पट्ट्या, आणि पट्टी जिथे टेकेल तिथला बल्बांचा गट पेटायचा. पट्टीची लांबी म्हणजे दिवा किती वेळ पेटणार ते, दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा म्हणजे अंधार. पुण्या-मुंबईच्या गणेशोत्सवात हलते देखावे पाहत वाढलेल्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. अमेरिकेत संगीतावर नाचणाऱ्या रोषणाईचा छंद घरोघरी नेला ते ओहायोतल्या मेसन गावच्या कार्सन विल्यम्स या विद्युत अभियंत्याच्या घराने. 2005 मध्ये त्याची चित्रफीत जगभर पोचली आणि 16,000 दिवे हा आकडा सर्वांच्या तोंडी झाला. त्या दिव्यांचे नियंत्रण मात्र 88 गटांत होते. म्हणजे सरासरी सुमारे 180 दिवे एकत्रच पेटत आणि विझत. लोक ज्याला नाच म्हणत होते तो 88 बटणांचा होता.

त्या काळी ही बटणेच महाग होती. आता परिस्थिती उलटी झाली आहे. डब्ल्यूएस 2811 सारखी चिप प्रत्येक दिव्यात बसलेली असते, त्यामुळे माळेतला प्रत्येक दिवा, म्हणजे पिक्सेल, स्वतंत्रपणे हव्या त्या रंगात पेटवता येतो. क्रम रचण्याचे एक्सलाइट्स आणि तो चालवणारे फाल्कन प्लेअर ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि दुसरे रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर चालते. नियंत्रण स्वस्त झाले, चालीचा विचार मात्र कुणीही स्वस्त करून दिलेला नाही. पैसे वाचवू नयेत ते वीजपुरवठ्यात आणि जोडणीत. लांब माळेला एकाच टोकाने वीज दिली की शेवटचे पांढरे दिवे तांबूस दिसू लागतात, कारण तिथवर व्होल्टेज पडलेले असते. म्हणून मध्ये आणि शेवटी पुन्हा वीज जोडावी लागते. शिवाय संदेश एका पिक्सेलमधून पुढच्याकडे जातो, त्यामुळे एक चिप निकामी झाली तर तिच्या पुढची सगळी माळ गप्प होते. जास्तीचे पिक्सेल, पाणी न शिरणारे जोड आणि गळती होताच वीज तोडणारा प्लग यांत काटकसर केली तर पहिल्या बर्फातच ती महागात पडेल.

मंडळासाठी मी सुचवतो तो आराखडा लहान आहे. पाइप वाकवून केलेल्या चार कमानी, प्रत्येकीवर 50 पिक्सेल, आणि मधोमध 100 पिक्सेलचा एक मोठा आकाशकंदील. एकूण 300. बारा व्होल्टचा पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला तर जास्तीत जास्त पाऊण वॅट धरा. सगळे मिळून 225 वॅट झाले, आणि अंधारात एवढी प्रखरता लागतही नाही. तिसरा हिस्सा पुरतो. इथल्या घरगुती एका प्लगवर हे सहज चालेल. संगीत म्हणून चित्रपटातले गाजलेले गाणे घेण्याचा मोह होईल, पण सार्वजनिक ठिकाणी त्याच्या हक्कांचा प्रश्न येतो. त्याहून मोठी गोष्ट ही की आपल्याकडे ढोल-ताशा पथक आहे. त्यांचाच तीन मिनिटांचा ठेका ध्वनिमुद्रित करावा. ताशाची तर्री सुरू झाली की एक ठिपका पहिल्या कमानीच्या पायथ्यापासून निघावा, वर चढून पलीकडे उतरावा आणि दुसऱ्या कमानीवर उडी घ्यावी. ढोलाच्या ठोक्याला चारही कमानी एकदम केशरी पेटाव्यात आणि पुढचा ठोका येईपर्यंत मंद होत जाव्यात. झांजेला फक्त कंदिलाच्या कडा, पांढऱ्या. आणि ठेका बदलण्याआधी अर्धा सेकंद पूर्ण काळोख. हा अर्धा सेकंद या आराखड्यातला सगळ्यात परिणामकारक भाग आहे, आणि त्याला एक सेंटही लागत नाही.

यावर पहिली हरकत अशी येईल की शहराबाहेर गाडीत बसून पाहायची लाखो दिव्यांची रोषणाई असताना आपले 300 दिवे कोण पाहील? ही हरकत पूर्ण खोटी नाही. मोकळ्या मोठ्या मैदानावर 300 दिवे हरवून जातील. पण ती मोठी रोषणाई चालत्या गाडीसाठी रचलेली असते. प्रत्येक देखावा काही क्षणच दिसतो, म्हणून तिथे संख्या लागते. आपल्याकडे माणसे तीन मिनिटे एका जागी उभी राहणार आहेत. त्यांच्यासाठी जागा लहान आणि गडद हवी. प्रवेशद्वाराशेजारची भिंत त्याला योग्य आहे, वाहनतळ नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे मागे गेली की इथे पाचच्या सुमारास अंधार पडतो, म्हणजे लहान मुलांनाही झोपेआधी रोषणाई पाहता येईल. ठिपक्यांचा तयार प्रोजेक्टर भिंतीवर मारून मोकळे व्हावे, असेही कुणी म्हणेल. ते सोपे आहे आणि स्वस्तही, पण त्याला पथकाचा ठोका कळत नाही, आणि शेजारच्या प्रत्येक घरावर तेच ठिपके फिरत असतात.

याहून गंभीर हरकत मंडळाच्या मराठी शाळेची आहे. शाळेला पुस्तके कमी पडत असताना दिव्यांवर खर्च का? शिक्षकांचे मानधन आणि रोषणाई यांतून एकच निवडायचे असेल, तर मीही मानधनाच्याच बाजूने हात वर करीन. पण 300 पिक्सेलचा आराखडा ही निवड समोर येऊ देत नाही. हजारो दिव्यांचा आराखडा ती समोर आणतो. शिवाय हेच पिक्सेल, हाच नियंत्रक गणपतीच्या मखराला चालतो आणि क्रम रचण्याचे काम शाळेतली मोठी मुले आपल्याहून लवकर शिकतील.

खरी टंचाई वेळेची आहे. नवख्या माणसाला एका मिनिटाच्या संगीतावर क्रम बसवायला कित्येक तास लागतात, म्हणून दहा गाण्यांचा हट्ट सोडून एकच ठेका नीट करावा. जूनमध्ये ध्वनिमुद्रण आणि त्यानंतर सगळी उन्हाळ्याची सुटी क्रम रचायला. एक्सलाइट्समध्ये इमारतीचा फोटो टाकून त्यावर कमानी आणि कंदील मांडता येतात आणि पूर्ण रोषणाई पडद्यावर संगीतासह चालवून पाहता येते, एकही दिवा विकत न घेता. कार्यकारिणीने ऑगस्टच्या सभेत ती सभासदांना दाखवावी आणि खरेदीचा ठराव त्यानंतरच मांडावा.