सातबारा चालत नाही, सॅलरी स्लिप आणा!

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा. पण घरातलं कुणी येत्या उन्हाळ्यात परदेशात फिरायला जायचं म्हणत असेल, तर आजच वाचा.

आपल्या पुरुषोत्तमनगर-शहादा भागातल्या एका ऊस-केळीवाल्या शेतकऱ्याचा आणि त्याच्या बायकोचा युरोपचा टुरिस्ट व्हिसा नाकारला गेला. नाव टाकू नको म्हणालेत, म्हणून टाकत नाही. अकरा एकर बागायत, सगळीकडे ठिबक, मुलगा पुण्यात नोकरीला. त्याच ग्रुपमध्ये, त्याच विमानाने, त्याच हॉटेलांच्या बुकिंगवर त्यांचे व्याहीही निघाले होते. व्याही निवृत्त शिक्षक. त्यांना व्हिसा मिळाला. आता वर्षाची उलाढाल काढली तर व्याही यांच्या निम्म्यावरही येत नाहीत. पण व्याह्यांची पेन्शन दर महिन्याला ठरलेल्या तारखेला खात्यात पडते, आणि यांचे पैसे ऊस तुटल्यावर, घड कापल्यावर, व्यापाऱ्याच्या सवडीने येतात. त्या खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्याला पहिला माणूस भरवशाचा वाटला, दुसरा संशयित.

नकाराचा कागद मी स्वतः पाहिला. छापील फॉर्म असतो, त्यात कारणांच्या रकान्यांपुढे खुणा करायच्या असतात. यांच्या फॉर्मवर खूण होती ती मुदत संपण्याआधी परत जाण्याच्या इराद्याबद्दल वाजवी शंका असल्याच्या रकान्यावर. म्हणजे अकरा एकर उभं पीक सोडून हा साठीला आलेला माणूस पॅरिसच्या हॉटेलात भांडी घासायला राहणार, असं कुणाला तरी वाटलं. ते मला एवढंच म्हणाले, "मन्हा पगारच नही, स्लिप कथाईन लऊ भाऊ?"

याला उत्तर आहे का कुणाकडे?

कुणी म्हणेल, एखादी केस असेल, कशाला एवढं. एखादी नाही. २०२४ या एका वर्षात भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांहून जास्त अर्ज गेले आणि त्यातले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. शंभरात पंधरा. जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो झाली, म्हणजे साधारण नऊ हजार रुपये. सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत नाही. हिशेब करा, नाकारलेल्या अर्जांचेच १३० कोटींच्या वर रुपये एका वर्षात गेले. त्यात विमानाची तिकिटं, विमा, भाषांतरं, मुंबईच्या खेपा धरलेल्याच नाहीत. अमेरिकेची फी १८५ डॉलर, तीही परत येत नाही. आपल्याकडे बोअरला पाणी लागलं नाही तर बोअरवाला निदान तोंडदेखलं वाईट वाटून घेतो.

आता कागदांकडे या. शेंगेनचे २९ देश असोत, इंग्लंड असो, मागणीचा साचा एकच. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, कंपनीचं रजेचं पत्र, दोन-तीन वर्षांचे आयटीआर, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. ही यादी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ऑफिसात बसणारा माणूस आहे. काही देशांच्या यादीत तळाला शेतकऱ्यासाठी एखादी ओळ असते, जमिनीची कागदपत्रं जोडा म्हणून. जोडायची तर सातबारा मराठीत, त्याचं इंग्रजी करून घ्या, नोटरी करा. त्यात सातबारा बापाच्या नावावर किंवा चार भावांत सामाईक. आणेवारी, पोटखराबा, इतर हक्कातला सोसायटीचा बोजा हे परक्या देशातल्या अधिकाऱ्याला कुठल्या डिक्शनरीत सापडणार? पीककर्जाचा बोजा दिसला की त्याला वाटतं, गडी कर्जात बुडालाय. आपल्याकडे बोजा नसलेला बागायतदार दाखवा मला!

आयटीआरचं तर आणखी मजेशीर. आयकर कायद्यानेच शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणून आपला शेतकरी रिटर्न भरत नाही. इथं ती सवलत, आणि व्हिसाच्या खिडकीवर तोच गुन्हा.

बँक स्टेटमेंटचीही हीच गत. पाच महिने खात्यात चार-पाच हजार, मग एकदम केळीचे तीन लाख. शेतीत हे रोजचं आहे. फाईल पाहणाऱ्याला मात्र वाटतं, व्हिसासाठी कुणाकडून तरी उसने पैसे आणून टाकलेत. आणि पपईचे पैसे रोख घेतले असतील तर स्टेटमेंटमध्ये तेवढेही नाहीत.

पण सगळं खापर गोऱ्या साहेबांवर फोडून मी मोकळा होणार नाही. आपल्याच घरातली गोष्ट सांगतो, राग आला तरी चालेल. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आपण कशासाठी काढतो? पोराच्या स्कॉलरशिपसाठी, फी माफीसाठी. त्यावर आकडा किती असतो ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, तलाठी अण्णांनाही माहीत आहे. दहा एकर बागायतदाराचं वर्षाचं उत्पन्न साठ-सत्तर हजार! तोच माणूस व्हिसाच्या फॉर्मवर आठ लाख लिहितो आणि उत्पन्नाचा पुरावा म्हणून तहसीलचा दाखला जोडतो. मग अधिकारी म्हणणार, यातलं खोटं कोणतं? खरं उत्पन्न दाखवणारा एकही सरकारी कागद शेतकऱ्याकडे नाही, ही व्यवस्था आपण सगळ्यांनी मिळून उभी केली आहे, कारण ती सगळ्यांच्या सोयीची होती.

आणि संशयाला काही आधारच नाही असंही म्हणता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये शेजारच्या गुजरातमधल्या डिंगुचा गावचं चौघांचं कुटुंब कॅनडा-अमेरिका सीमेवर बर्फात गोठून मेलं. ते कॅनडात व्हिजिटर व्हिसावरच गेले होते. डिसेंबर २०२३ मध्ये निकाराग्वाला निघालेलं ३०३ प्रवाशांचं विमान फ्रान्सने अडवलं, त्यातले २७६ जण मुंबईला परत आले. अमेरिकेच्या कायद्यात तर २१४-बी नावाचं कलमच आहे: समोरचा प्रत्येक जण तिथे कायमचा राहायला आलाय असं धरूनच चालायचं, तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. लोकांनी टुरिस्ट व्हिसाचा दरवाजा चोरवाटेसाठी वापरला, हे खरं. पण त्यासाठी लाखो रुपये घेणारे एजंट गबर झाले आणि नियमाने अर्ज करणारा आपला शेतकरी मात्र खिडकीवर अडकला.

एजंटांवरून सांगतो. आपल्या परिसरातही "शंभर टक्के व्हिसा"वाले फिरतात. शंभर टक्के व्हिसा देणारा माणूस जगात नाही. अर्ज घेणाऱ्या सेंटरच्या हातातही निकाल नसतो. यातली सगळ्यात मोठी कंपनी, व्हीएफएस ग्लोबल, २००१ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाली. तिचं काम कागद आणि बोटांचे ठसे घेऊन पुढे पाठवणं, निर्णय वकिलातीचा. एजंट काय करतो? खोटं नोकरीचं पत्र, फुगवलेलं स्टेटमेंट. पकडलं गेलं तर इंग्लंड दहा वर्षं दारात उभं करत नाही, अमेरिका जन्माची बंदी घालू शकते. शेंगेनमध्ये नकाराची नोंद पाच वर्षं सगळ्या देशांच्या कॉम्प्युटरवर राहते. एजंट तोवर दुसरं दुकान उघडून बसलेला असतो.

आता मला खरी चीड कशाची आहे ते ऐका. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड कुठे दिलं गेलं? आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आल्या होत्या. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं देऊन देशातलं पहिलं आधार घेतलं ते आपल्या लोकांनी. त्याच तालुक्यातल्या माणसाला व्हिसासाठी दहा बोटं टेकवायला मुंबई नाहीतर अहमदाबाद गाठावं लागतं. रात्रीचा प्रवास, लॉजचा खर्च, दोन दिवस मोडले, आणि खिडकीवर काम वीस मिनिटांचं. घरी येऊन ठसे घ्यायची सोय काही देशांसाठी आहे, पण तिचे जादा पैसे मोजणारे दक्षिण मुंबईत राहतात. उलट बाजू बघा. जर्मनीच्या माणसाला अजिंठा-वेरूळ बघायचं असलं तर तो घरी सोफ्यावर बसून आपला ई-व्हिसा काढतो. ना ठसे द्यायला रांग, ना पगाराचा पुरावा. २०१४ पासून आपण ही सोय दिली, चांगलं केलं. बदल्यात आपल्या लोकांसाठी काय मागितलं?

आणि हे कायम असंच होतं असंही नाही. १९८६ पर्यंत भारतातून इंग्लंडला फिरायला जायला आधी व्हिसा लागत नव्हता. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये परदेशप्रवास हा कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, म्हणून त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. घराबाहेर पाऊल टाकायचा हक्क घटनेने दिला. पुढच्याच्या अंगणात पाऊल ठेवायचं मात्र त्याच्या मर्जीवर, आणि त्या मर्जीसाठी बोलणं हे दिल्लीचं काम आहे. एप्रिल २०२४ मध्ये युरोपने भारतीयांना एक सवलत दिली, आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा. सवलत चांगली, पण ज्याला पहिलाच मिळत नाही त्याने काय करायचं?

आणि आपलं कृषी खातं! शेतकऱ्यांना परदेशात अभ्यास दौऱ्यावर पाठवायची त्याची योजना आहे, खर्चाचं अनुदानही देतं. म्हणजे एक हात म्हणतो जा, बघून या, शिका. आणि त्या शेतकऱ्याचं खरं उत्पन्न काय, हे इंग्रजीत एका पानावर लिहून द्यायला सरकारचा दुसरा हात तयार नाही.

माझं मागणं अवघड नाही. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात सभासद नंबर, टन, दर, कपाती, खात्यावर जमा रक्कम सगळं असतंच. मागेल त्या सभासदाला तीन वर्षांचं इंग्रजी पत्रक लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह द्यावं. आपल्या सातपुडा-तापी कारखान्याने सुरुवात करावी, एका क्लार्कचं अर्ध्या तासाचं काम आहे. बाजार समितीने पट्ट्यांचं तसंच करावं. जिल्हा प्रशासनाने सातबारा आणि आठ-अ चा गोषवारा इंग्रजीत, सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने द्यावा. खासदारांनी एवढाच प्रश्न संसदेत विचारावा: व्हिसा नाकारल्यावर निदान अर्धी फी परत मिळावी, यासाठी भारत सरकार काय बोललं?

तोवर ज्यांना जायचंय त्यांनी एवढं करा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी रिटर्न भरता येतो. पाच हजारांच्या वर शेती उत्पन्न असेल तर आयटीआर-१ नाही, साधारणपणे आयटीआर-२ भरायचा, सीएला विचारा. निदान दोन वर्षं आधीपासून भरा. व्यापाऱ्याकडून पैसे खात्यावरच घ्या. मोठी रक्कम आली असेल तर कशाची, हे पट्टीसकट एका पानावर लिहून जोडा. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधी करता येतो, तो उन्हाळ्याच्या तोंडावर नेऊ नका. पासपोर्टला पहिला शिक्का पडावा म्हणून आधी थायलंड-मलेशिया करणारेही आहेत. तिथे सध्या आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण हे नियम बदलत असतात, तिकिटाआधी वकिलातीच्या साईटवर बघा. व्हॉट्सॲपवर बघू नका.

आपल्या तालुक्यातल्या ज्यांचे व्हिसे नाकारले गेलेत, त्यांनी नकाराच्या फॉर्मवर खूण कुठल्या रकान्यावर आहे ते मला इनबॉक्समध्ये कळवा. नाव छापणार नाही. वीस-पंचवीस कागद जमले की निवेदन घेऊन आधी कारखान्यावर जायचं, मग तहसीलला. शिक्षक व्याहींनी पहिली सही करायचं कबूल केलंय.