दोन तासांचं विमान, सात तासांची वाट

रायपूर ते मुंबई हवाई अंतर साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास. तिकिटावरची वेळ दोन तासांच्या आतली. अहिवाऱ्याच्या माणसाला मात्र या आकड्यांवर बेत आखता येत नाही. अहिवारा रायपूरच्या वायव्येला आणि माना विमानतळ शहर ओलांडून पार पलीकडे. मुंबई पश्चिमेला, तरी आधी पन्नासहून जास्त किलोमीटर उलट्या दिशेला जायचं, तेही कुम्हारी आणि टाटीबंधच्या ट्रकांमधून वाट काढत. त्यासाठी दीड तास हाताशी हवा. विमानतळावर दीड-दोन तास आधी पोचायचं. मुंबईला उतरल्यावर सामान घेऊन डोंबिवलीतल्या बहिणीचं घर गाठेपर्यंत सात तास सहज जातात.

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचं दोन ठिकाणांमधलं सर्वांत जवळचं अंतर. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर लागेपर्यंतची. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण सगळं त्यात येतं. म्हणूनच अंतर निम्मं झालं तरी वेळ निम्मी होत नाही.

सिंगापूर आणि क्वालालंपूर घ्या. दोन्ही विमानतळांमधलं अंतर जेमतेम तीनशे किलोमीटर, वेळापत्रकात साधारण तास. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या आंतरराष्ट्रीय हवाई मार्गांपैकी हा एक. पण क्वालालंपूरचा विमानतळ सेपांगला, शहरापासून पन्नास किलोमीटरहून लांब. तिथून शहराच्या मध्यभागी अठ्ठावीस मिनिटांत नेणारी वेगळी रेल्वे आहे, म्हणून त्या एका तासाला अर्थ उरतो. या दोन शहरांमध्ये नव्वद मिनिटांत पोचवणाऱ्या वेगवान रेल्वेचा करार 2016 मध्ये झाला होता. 2020 संपता संपता तो मोडला. मला त्याची खरोखर हळहळ वाटते.

कारण आपल्याकडे रायपूर-नागपूर हवाई अंतरही तेवढंच, पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. 1956 पर्यंत छत्तीसगडचा कारभार नागपुरातूनच चालायचा, आणि इथल्या मराठी घरांची सोयरीक आजही तिकडेच जास्त. डिसेंबर 2022 पासून बिलासपूर-नागपूर वंदे भारत धावते: 412 किलोमीटर, साडेपाच तास. दुर्गला चढलं की साधारण साडेतीन तासांत नागपूर, आणि उतरायचं ते थेट शहराच्या मध्यावर. एवढ्या अंतराला विमानाचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अहिवाऱ्यात विमानाचा विषय निघाला की नंदिनीच्या धावपट्टीचं नाव येतंच. चुनखडीच्या खाणींजवळची ही पट्टी भिलाई पोलाद कारखान्याची. नियमित प्रवासी विमान तिथून सुटत नाही. पट्टी आहे म्हणजे विमानतळ झाला, असं नसतं. सुरक्षा तपासणी, अग्निशमन, हवाई नियंत्रण आणि रोज भरणारं विमान, एवढं सगळं लागतं. माना इतक्या जवळ असताना तो खर्च मला पटत नाही.

त्याऐवजी विमानांच्या वेळा धरून अहिवारा-भिलाई-माना अशी बस द्या, पहाटेच्या विमानासाठी आणि रात्री उशिरा उतरणाऱ्यांसाठीही. आज पहाटेचं विमान धरायचं तर खासगी गाडी करावी लागते, आणि एकट्या निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला ते भाडं जड जातं. दुर्ग जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी आधी या बसचा पाठपुरावा करावा.

— वाटसरू