सासू गेल्याचे दुःख

सासूबाई गेल्या त्याच्या पाचव्या दिवशी मी रजेचा अर्ज पाठवला. कारण लिहिले, 'आईचे निधन'. दुपारी संस्थेतून फोन आला. "ताई, तुमच्या आई तर परवाच्या शिबिराला आल्या होत्या ना?" मी म्हटले, सासूबाई गेल्या. "अच्छा, सासू होय! मग तीन दिवस मिळतील. आईसाठी दहा असतात." बोलणारी बाईच होती, आणि संस्था स्त्रियांसाठीच काम करणारी. तिच्या मनात दुष्टावा नव्हता. 'सासू होय' म्हणताना तिचा आवाज जरा हलका झाला, एवढेच. माझी एक कटकट मिटली असेही तिला वाटले असेल.

तिला तरी काय बोलणार? समाजकार्याची पदवी घेतल्यापासून मी सल्ला केंद्रात बसते. आमच्या नोंदवहीत 'त्रास देणारी व्यक्ती' असा रकाना आहे आणि त्यात 'सासू' हा शब्द मी माझ्या हाताने किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही. पथनाट्यात सासूची भूमिका मीच करायची. कमरेला पदर खोचून डोळे वटारले की बायका हसायच्या, टाळ्या द्यायच्या. 1983 साली भारतीय दंड विधानात 498-अ कलम आले ते काही उगाच नाही. जळालेल्या मुलींचे जबाब घेतलेल्या मैत्रिणी आपल्यात आहेत. हे सगळे खरे आहे. तरीही सासू-सुनेचे नाते म्हटले की आपल्याजवळ छळ सोडून दुसरा शब्दच नाही, हे मला सासूबाई गेल्यावर पहिल्यांदा टोचले.

औंधमध्ये त्यांना सगळे 'सिस्टर' म्हणत. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात त्या नर्सिंग शिकल्या. डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली सुरू केलेले हे हॉस्पिटल. दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी ख्रिस्ती मुलींना आईबापाच्या घराबाहेर पडून स्वतःच्या पगारावर जगायची वाट तिथून मिळाली. पुढे त्या सरकारी नोकरीत लागल्या आणि खटाव तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत त्यांचे आयुष्य गेले. त्यांची आजी 1899-1900 च्या दुष्काळात मिशनच्या अनाथालयात आली होती. मूळची अस्पृश्य जातीची. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीत धरत नाहीत, त्यामुळे घराण्याची जात कागदावरून गेली. पाणवठ्यावरून गेली नाही. बाळंतपणाला रात्री दोनला दार ठोठावून बोलावून नेणाऱ्या काही घरांत सकाळी त्यांना चहा वेगळ्या कपात मिळे. हे त्या सांगत, पण कोणत्या घरात ते सांगत नसत. "त्या घरातली पोरं माझ्या हातावर जन्मलीत. त्यांना कशाला शरम?"

मुलगा चार वर्षांचा असताना नवरा दुसऱ्या बाईबरोबर राहायला मुंबईला निघून गेला. 1990 च्या सुमारास त्यांनी साताऱ्यात एका वकिलाला विचारले. तोवर ख्रिस्ती स्त्रीला 1869 चा इंग्रजांनी केलेला घटस्फोटाचा कायदा लागू होता. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग हेही सिद्ध करावे लागे. नुसता सोडून गेला, नुसता मारतो, यावर घटस्फोट नाही. वकील म्हणाले, मुंबईला जा, शेजारीपाजारी साक्षीदार मिळवा, त्या बाईचे नाव गाव काढा. सासूबाई उठून आल्या. त्या बाईबद्दल त्यांना माया होती असे नाही. तिचे नाव निघाले की आमच्या घरात भांडी आपटत. पण पोटच्या पोराला घरी ठेवून परक्या चाळीत साक्षीदार गोळा करत फिरायचे त्यांना जमले नाही. त्यागाच्या कारणावर न्यायिक विभक्तता मिळू शकते, आणि ती मिळाली की त्यानंतर स्वतः कमावलेल्या मिळकतीवर नवऱ्याचा वारसाहक्क राहत नाही, हे वकिलांनी सांगितलेच नाही.

1997 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने प्रगती वर्गीस खटल्यात ही अट घटनाबाह्य ठरवली. 2001 साली संसदेने कायदाच दुरुस्त केला. त्यासाठी ख्रिस्ती स्त्रियांनी किती वर्षे निवेदने दिली, चर्चच्या पुढाऱ्यांशी किती वाद घातले, ते आपल्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणींना आठवत असेल. सासूबाईंनी ती बातमी पेपरात वाचली तेव्हा त्या पन्नाशीला आल्या होत्या. "आता घटस्फोट घेऊन कुणाला दाखवू?" म्हणाल्या. आणि कागदोपत्री त्या मरेपर्यंत त्या माणसाच्या बायको राहिल्या.

अशा घरात मी सून म्हणून गेले. मी याच तालुक्यातली, मराठा घरची. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झाले. तीस दिवसांची नोटीस लागली आणि ती माझ्या चुलत्यांनी वाचली. माझी आई दोन वर्षे बोलली नाही. सासूबाईंच्या बाजूनेही सगळे सरळ नव्हते. मंडळीतल्या काही जणांनी विचारले, मुलगी बाप्तिस्मा कधी घेणार? त्या वेळी त्यांनी काय उत्तर दिले ते मला माहीत नाही. माझ्याजवळ मात्र एकदाच विषय काढला, तोही 'स्मृतिचित्रे'वरून. लक्ष्मीबाई टिळकांवर त्यांचा फार जीव. रेव्हरंड टिळकांच्या अखेरच्या वर्षांतला साताऱ्याचा मुक्काम म्हणजे आपल्या घरचाच इतिहास असे त्या बोलत. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 साली. सासूबाई म्हणाल्या, "नवरा गेला म्हणून ती लगेच मागं गेली नाही. पाच वर्षं थांबली, स्वतःला पटल्यावर गेली. तू हवं तर पन्नास थांब." आणि शेंगा सोलायला लागल्या.

माझी टिकली, माझे मंगळवारचे उपास, माझी देवळात न जाण्याची टाळाटाळ, सगळे त्यांनी पाहिले. पौषातल्या यमाईच्या यात्रेला शेजारच्या काकू नैवेद्य आणून देत, तो त्या ठेवून घेत. नाताळच्या करंज्या त्याच डब्यातून परत जात. यात मोठे सर्वधर्मसमभावाचे तत्त्व वगैरे नव्हते. रिकामा डबा परत पाठवू नये, एवढेच.

2022 च्या डिसेंबरात राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाह केलेल्या मुलींची आणि त्यांच्या माहेरची विचारपूस करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा मी निर्णयाचा कागद त्यांना वाचून दाखवला. आधी त्यात आंतरजातीयही होते, दोनच दिवसांत ते वगळून फक्त आंतरधर्मीय ठेवले. त्यांनी विचारले, "यात सासूला काही विचारणार आहेत का?" मी म्हटले, नाही. "मग त्यांना काय कळणार?" मला वाटते या समितीवर मोठमोठ्या अग्रलेखांत जे लिहिले गेले त्यापेक्षा हे नेमके होते. दुसऱ्या धर्मात लग्न केलेली मुलगी हरवलेलीच असते, असे गृहीत धरून कागद निघतात. ती ज्या घरात गेली तिथे एखादी बाई तिची वाट बघत असेल, हे कुणाच्या खिजगणतीत नसते.

त्यांची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. मुलाने ताटली विसळली तर त्यांना चालत नसे. "दिवसभर दमून येतो." आणि मी? माझा गर्भ पडला तेव्हा त्या रात्रभर उशाशी बसल्या, पण सकाळी 'प्रभूची इच्छा' म्हणाल्या. ते वाक्य मला कितीतरी दिवस सलत होते. मी ते बोलून दाखवले तेव्हा त्या गप्प झाल्या. पुन्हा तसे म्हणाल्या नाहीत.

शेवटच्या आजारपणात संध्याकाळी मी त्यांना बायबल वाचून दाखवी. त्यांना रूथचे पुस्तक हवे असे. सासू-सुनेची एवढी मोठी गोष्ट आपल्याकडच्या धर्मग्रंथांत मला तरी माहीत नाही. नामीचा नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. मवाबी सून रूथ, परक्या देशातली, परक्या देवाची. सासू म्हणते माहेरी जा, ती जात नाही. बेथलेहेमला येऊन शेतात सरवा वेचून सासूला जगवते. मी म्हटले, आई, पण रूथ आपला देव सोडते की. त्या म्हणाल्या, "ते आहेच. पण मला आवडतं ते दुसरंच. शेत नामीच्या नवऱ्याचं, पण दोघी बायांना ते धरून ठेवता येत नाही. बवाजला मधे घालावं लागतं, लग्न लावावं लागतं. दोघींचं एवढं जमत होतं, तरी कागदाला पुरुष लागलाच." हे त्या मृत्युपत्राच्या आठवडाभर आधी बोलल्या होत्या, हे माझ्या नंतर लक्षात आले.

अंत्यविधी साताऱ्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत झाला. माझे वडील गेले तेव्हा आम्हा बहिणींना दाराशीच थांबवले होते. बायका स्मशानात येत नाहीत, ठरलेले. इथे बायका पेटीच्या मागून चालत आल्या, खड्ड्याभोवती उभ्या राहिल्या, उपासनासंगीतातली गीते म्हणाल्या. पाळकांनी प्रार्थना केली. मुलाने माती टाकली आणि मग त्यांनी मला पुढे बोलावले. भांडणाला मूठमाती, मतभेदांना मूठमाती, असे आपण सभांमधून सहज बोलतो. खरी मूठमाती मी पहिल्यांदा दिली. ओली लाल माती, मुठीतून सुटेना. माझ्या मागे माझी आई होती. तिने पदर सावरला, इकडेतिकडे पाहिले, कुणी अडवत नाही असे बघून खाली वाकली. स्वतःच्या नवऱ्याला तिला अग्नी देता आला नव्हता.

आता मृत्युपत्र. ते करायचे ठरवले सासूबाईंनीच, मी फक्त कायद्याची पुस्तके काढली. औंधचे घर त्यांनी नोकरीतल्या पैशातून बांधले होते. ख्रिस्ती व्यक्ती मृत्युपत्र न करता वारली तर 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्याप्रमाणे त्यांच्या घराचा एक तृतीयांश हिस्सा तीस-पस्तीस वर्षे तोंड न दाखवलेल्या नवऱ्याला गेला असता. उरलेले दोन तृतीयांश मुलाला. सुनेला शून्य. उद्या मुलगा आईच्या आधी गेला असता आणि मूलबाळ नसते, तरी मला शून्यच. हिंदू स्त्रीच्या बाबतीत 1956 चा कायदा वेगळा, पण पहिल्या रांगेत तिथेही मुलगे, मुली आणि नवरा. सासूला वीस वर्षे न्हाऊ-माखू घालणारी विधवा सून त्या रांगेत नाही. सेवा करताना ती घरची, वाटणीच्या वेळी परकी. गंमत म्हणजे 2019 मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आले तेव्हा सासूसासऱ्यांना पोसण्याची जबाबदारी सुनेवरही टाकायचे सुचवले होते. ते मंजूर झाले नाही. पण जबाबदारी वाटताना सुनेचे नाव बरोबर आठवते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सासूबाईंनी निम्मे घर मुलाच्या आणि निम्मे माझ्या नावे लिहिले. कारणही लिहायला लावले, त्यांच्याच शब्दांत: 'सून म्हणून नाही, माझी म्हणून.' वकील म्हणाले असे कायद्याच्या भाषेत बसत नाही. त्या म्हणाल्या, बसवा. साक्षीदार म्हणून माझा नवरा सही करायला निघाला होता, त्याला थांबवावे लागले. ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्रावर ज्याला काही मिळणार आहे त्याने, किंवा त्याच्या नवऱ्याने वा बायकोने साक्षीची सही केली तर ते देणे रद्द होते. एका सहीने आम्हा दोघांचाही हिस्सा गेला असता. केंद्रात काम करणाऱ्या मैत्रिणींनी हे जरूर टिपून ठेवावे. शेवटी साक्षीदार झाल्या त्या शेजारच्या नैवेद्यवाल्या काकू आणि आरोग्य केंद्रातल्या त्यांच्या जुन्या सहकारी बाई. काकू सही करायला शिकल्या त्या सासूबाईंकडूनच.

आपल्या चळवळीने मुलीचा माहेरच्या मिळकतीतला हक्क मागितला, बायकोचा नवऱ्याच्या घरातला हक्क मागितला. सुनेचा सासूशी थेट काही संबंध असतो, मुलगा वजा केला तरी तो उरतो, हे आपण कधी मागणीत आणले नाही. छळ करणारी सासू कायद्याला दिसते, आपल्यालाही दिसते. देणारी सासू दोघांनाही दिसत नाही. आपल्या शिबिरांत मृत्युपत्राचे सत्र असते तेही 'मुलीला द्या' इथे थांबते.

सासूबाईंच्या मृत्युपत्राची गोष्ट काकूंनी गल्लीत पसरवली. गेल्या काही महिन्यांत तीन म्हाताऱ्या माझ्याकडे येऊन गेल्या, तिघीही हिंदू. एकीची सून विधवा आहे, एकीचा मुलगा पितो. कागद कसा करायचा, खर्च किती, नोंदणी करावीच लागते का, असे सगळे नीट विचारले. नोंदणीची सक्ती नाही, पण केलेली बरी, असे मी सांगितले. तिसरी सगळ्यात जास्त वेळ बसली. तिला राहती खोली सुनेला द्यायची आहे. अट एकच, मी मरेपर्यंत तिला कळता कामा नये. "नाही तर डोक्यावर बसंल."