ट्रॅक्टर की बॉबकॅट? : एका सभासदाचे मत



गेल्या आखाजीला आमच्या घरात एक प्रसंग घडला, त्यावरून हे चार शब्द लिहायला बसलो आहे. माझा पुतण्या शिकलेला, अंगमेहनती, शेती मनापासून करणारा. त्याच्याकडचा जुना सालदार आखाजीला साल संपले तसा घरी गेला, तो परत आलाच नाही. नवा माणूस मिळेना. गोठ्यात बारा म्हशी, उकिरड्यावर दोन वर्षांचे शेणखत, खोडव्याच्या तुकड्याचे बांध फुटलेले आणि विहिरीतून काढलेला गाळ-मुरूम काठावर ढीग होऊन पडलेला. पोरगा वैतागला. एके दिवशी संध्याकाळी ओट्यावर येऊन म्हणाला, "काका, बॉबकॅट घेतो. बँक कर्ज द्यायला तयार आहे. सातबारा सामाईक आहे म्हणून तुमची सही लागेल."

मी म्हटले, "सही कुठे पळून जात नाही. आधी हिशेब करू." त्या हिशेबाला आम्हा दोघांना पंधरा दिवस लागले आणि त्यात थोडे भांडणही झाले. पण त्यातून जे कळले ते इतरांच्या उपयोगी पडेल असे वाटते, कारण आज आपल्या चोपडा-यावल-शिरपूरकडच्या गावोगावच्या तरुणांच्या डोक्यात हाच विचार घोळतो आहे.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बॉबकॅट म्हणजे छोटा लोडर. चार चाके, पुढे बकेट आणि मध्ये पिंजऱ्यासारख्या खोलीत बसलेला चालक. त्याची चाके ट्रॅक्टरसारखी वळत नाहीत. डाव्या बाजूची दोन आणि उजव्या बाजूची दोन चाके वेगवेगळ्या गतीने, किंवा एक बाजू पुढे आणि एक मागे अशी फिरवली, की यंत्र जागच्या जागी गर्रकन वळते. बॉबकॅट हे खरे तर एका कंपनीचे नाव आहे आणि बाकी कंपन्याही असे लोडर करतात, पण आपल्याकडे वनस्पती तुपाला जसे सगळे डालडाच म्हणायचे तसे हे.

याचा जन्म शेतातच झाला आहे, ही गोष्ट मला स्वतःला आवडली. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या रॉथसे गावी सिरिल आणि लुई केलर हे दोघे भाऊ यंत्रदुरुस्तीचे काम करीत. टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या दुमजली शेडमध्ये घाण काढायला ट्रॅक्टर शिरत नव्हता, मधल्या खांबांना अडायचा आणि वरच्या मजल्याला त्याचे वजन पेलत नव्हते. म्हणून त्या भावांनी १९५७ साली तीन चाकांचा हलका लोडर करून दिला. पुढे मेलरो नावाच्या कंपनीने तो उचलला, १९६० च्या सुमारास त्याला चौथे चाक आले आणि १९६२ पासून रानमांजराचे नाव मिळाले. तेव्हा लक्षात घ्या, हे यंत्र निघाले ते अडचणीच्या जागेतली घाण उचलायला. त्याखाली फरशी होती, नांगरट नव्हती.

ट्रॅक्टरची गोष्ट उलटी. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने मागच्या तीन दांड्यांची जोडणी, ज्याला आपण लिंकेज म्हणतो, ती बसवली तेव्हापासून ट्रॅक्टर हे ओढणारे जनावर राहिले नाही, तर अवजार उचलून धरणारा गडी झाले. पलटी नांगर, रोटाव्हेटर, सरी पाडायचा रिजर, पाचट कुट्टी करायचे यंत्र, फवारणीचा पंप, मागचे पाते, ट्रॉली. एकच इंजिन, दहा कामे. आणि गळीत हंगामात त्यालाच दोन ट्रॉल्या जोडून ऊस वाहिला तर हप्ता बाहेरच्या बाहेर निघतो. आपल्यापैकी किती जणांचे ट्रॅक्टर कारखान्याच्या वाहतूक करारावर फिटले हे मी काय सांगू, तुमच्या पासबुकात आहे.

आता प्रत्यक्ष पाहिलेले. पुतण्याने धुळ्याकडच्या एका ओळखीच्या ठेकेदाराचे यंत्र दोन दिवस भाड्याने आणले. पहिल्या दिवशी उकिरडा. खोटे कशाला बोलू, मी बघतच राहिलो. गोठ्याच्या दोन खांबांमधून आत जाते, भिंतीपाशी फिरते, बकेट भरते, मागे येऊन ट्रॉलीत टाकते. चार माणसांना आठवडाभर पुरले असते ते काम दुपारपर्यंत संपले. पुतण्या माझ्याकडे पाहून हसत होता, आणि मीही मनात म्हटले की बुवा, सही करावी लागणार.

दुसऱ्या दिवशी ते शेतात नेले. आमची तापीकाठची काळी जमीन. वरून कोरडी दिसत होती, पण शेजारच्या केळीचे पाणी पाझरून खाली ओल होती. दोन फेऱ्या ठीक गेल्या. तिसऱ्या फेरीला वळताना चाकांनी माती अशी खरवडली की हातभर खड्डा पडला आणि यंत्र पोटावर बसले. यंत्राचे पोट जमिनीपासून फार उंच नसते, चाके लहान आणि वजन अडीच-तीन टनांचे. शेवटी आमच्याच जुन्या ट्रॅक्टरने साखळी लावून ते ओढून काढले. पुतण्या त्या वेळी हसला नाही, आणि मीही नाही, कारण ज्या पट्ट्यात ते वळले तिथली माती घट्ट दाबली गेली होती. ऊस लावायच्या जमिनीत असे वळणे म्हणजे पुढच्या लागवडीचे नुकसान.

साक्री-पिंपळनेरकडच्या मुरमाड जमिनीवर हेच यंत्र बरे चालेल हे मी मान्य करतो. तिथे चाक धसत नाही. पण खडकाळ रानावर घसरत वळणाऱ्या चाकांचे टायर फार लवकर झिजतात, हे ठेकेदाराने स्वतः सांगितले. शिवाय ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वर ते धावत नाही. एका मळ्यातून चार कोस लांबच्या मळ्यात न्यायचे तर ट्रेलरवर घालून न्यावे लागते. म्हणजे ट्रॅक्टर पुन्हा आलाच!

मग आम्ही वही घेऊन बसलो. वर्षभरात ज्या कामांना बॉबकॅट लागेल ती लिहिली: शेणखत व कारखान्याची मळी भरणे, गाळ हलवणे, बांध घालणे, शिवाराचा रस्ता नीट करणे, खळे सपाट करणे. कितीही ताणले तरी शंभर तासांच्या वर जाईना. दुसऱ्या पानावर पैसे. वीस लाख कर्ज, ११ टक्के व्याज, ५ वर्षे मुदत धरली तर महिन्याला साडेत्रेचाळीस हजारांच्या आसपास हप्ता येतो, म्हणजे वर्षाला सव्वापाच लाख. डिझेल, टायर, चालक वेगळे. उसाचा टनाला तीन हजार भाव धरला तर हा पावणेदोनशे टन ऊस झाला. एकरी चाळीस टन काढला तरी चार-साडेचार एकरांचे सगळे बिल त्या हप्त्यात गेले. आमचा ऊसच तेवढा आहे! आणि तेच शंभर तास भाड्याच्या जेसीबीने करून घेतले, तर आमच्या भागातल्या हजार-बाराशेच्या दराने लाख-सव्वा लाखात काम होते.

करही ध्यानात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जी.एस.टी. बारावरून पाच टक्क्यांवर आला. माती उचलायच्या यंत्रांना तो अठरा टक्के आहे. ट्रॅक्टर-अवजारांना महाडीबीटीवर अर्ज करून अनुदानाची आशा तरी असते. लोडरचा हिशेब अनुदान धरून कोणी मांडू नये.

पुतण्या म्हणाला, "काका, मी भाड्याने फिरवीन ना." फिरव की. पण कोणाकडे? चारी खणायची, पाईपलाईनचा चर काढायचा, तर लोक मागे लांब हात असलेला जेसीबीच बोलावतात आणि तो प्रत्येक मोठ्या गावात उभा आहे. २०१७ साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आली. तिच्यात धरणातला गाळ उपसायला पोकलेन आणि वाहायला आपले ट्रॅक्टर असेच चित्र दिसले. शिरपूर तालुक्यात २००४ पासून नाले रुंद-खोल करण्याचे जे मोठे काम झाले, तेही मोठ्या यंत्रांचे काम होते. बॉबकॅटला गिऱ्हाईक आहे ते गोदामात, कोंबड्यांच्या शेडमध्ये, काँक्रीट रस्त्याच्या कामावर. तो ठेकेदारीचा धंदा झाला. धंदा करायचा तर जरूर करावा, पण धंदा म्हणून, वाडवडिलांच्या सातबाऱ्यावर बोजा चढवून नव्हे.

आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी हे सगळे ऐकले आणि अहिराणीत एवढेच म्हणाले, "यंत्र लेनं सोपं शे भो, पोसनं अवघड शे."

मधला मार्ग काही जण सुचवतात, तो म्हणजे आहे त्याच ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवणे. वाईट नाही. खर्च कमी आणि काळ्या जमिनीत मोठे चाक चालते. मात्र मागे वजन बांधल्याशिवाय भरलेली बकेट उचलू नये, नाही तर मागची चाके हलकी होऊन ट्रॅक्टर कलंडतो. पॉवर स्टिअरिंग नसेल तर चालकाचे खांदे दुखून येतात आणि पुढचा आस लवकर खिळखिळा होतो. बकेट कोणत्याही यंत्राची असो, भरल्यावर ती खाली धरूनच चालावे आणि उचललेल्या बकेटखाली पोराबाळांना उभे राहू देऊ नये. हे लिहिण्याची गरज नसावी, पण आहे.

सही मी केली नाही. पुतण्याने ऐकले, पण त्याचा एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. तो म्हणाला, "हिशेब तुमचा बरोबर आहे काका. पण उकिरडा कोण उचलणार ते सांगा." त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. माणूस मिळत नाही हे खरे. पुढच्या आखाजीलाही तो मिळणार नाही.

म्हणून मला वाटते की हे यंत्र एकट्या सभासदाने घेण्याचे नाही, पण सर्वांनी मिळून ठेवण्याजोगे आहे. पांझरेकाठच्या फड पद्धतीत शेकडो वर्षे हेच झाले. बंधारा एकाचा नाही, पाट एकाचा नाही, दुरुस्ती सर्वांनी करायची आणि पाणी पाळीने घ्यायचे. हंगामात कारखान्याला बगॅस आणि मळीच्या यार्डात लोडर लागतातच. गाळप संपल्यावर एप्रिलपासून पावसापर्यंत असा एखादा छोटा लोडर शेतकी खात्यामार्फत गटवार फिरवावा, तासाचा दर वाजवी ठेवून रक्कम ऊसबिलातून कापावी. अडचण मला दिसते: त्याच दोन महिन्यांत तो प्रत्येकाला हवा असणार आणि पुढाऱ्यांच्या मळ्यात आधी जाणार. म्हणून पाळीची यादी गट कार्यालयाच्या भिंतीवर लावावी आणि नंबर कोणी मोडला तर ते सर्वांना दिसावे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी या अर्थाचा ठराव मी कार्यालयात लेखी दिला आहे. सूचक म्हणून माझी सही त्यावर आहे. अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे.